पावशेर शेव, दहाचे फुटाणे

जाफराबादच्या पेठेतलं किराणा दुकान लांबूनच ओळखू येतं ते पुड्यांच्या लडींवरून. चिप्स, कुरकुरे, नमकीन, पाचच्या आणि दहाच्या चकचकीत पुड्या दारावर पडद्यासारख्या लोंबत असतात. शाळा सुटली की पोरं त्या पडद्याशीच थांबतात. मीही कितीतरी दिवस तिथूनच माघारी फिरत होतो. एका उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी, माझ्यापुढे उभ्या असलेल्या आजींनी हातानं लड बाजूला सारली आणि आत डोकावून म्हणाल्या, "पावशेर शेव दे बाबा, अन् धा रुपयाचे फुटाणे. खारोड्या आल्या का रे?"

"आल्या ना आजी, परवाच आल्या. किती देऊ?"

लडीमागे काय काय आहे, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं.

खेळणा आणि पूर्णा या नद्यांच्या संगमावर वसलेलं हे तालुक्याचं गाव. 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला, त्याआधी हा तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. पण खाण्यापिण्याला जिल्ह्याची वेस कळत नाही. पलीकडे चिखली आणि देऊळगाव राजा, म्हणजे विदर्भ. वायव्येला अजिंठ्याचा डोंगर ओलांडला की खानदेश. मराठवाड्याच्या या टोकाला तिन्हीकडची चव येऊन मिळते, आणि ती मिळाल्याचं हॉटेलात जितकं समजत नाही तितकं किराणा दुकानाच्या फळीवर समजतं. इथे खानदेशी शेवभाजीची जाड, तिखट शेव आहे आणि तिच्याच शेजारच्या डब्यात मराठवाड्याचं येसर.

पत्र्याचे डबे एकावर एक रचलेले. समोरच्या बाजूला काच, म्हणजे आतला माल दिसतो. बारीक शेव, लाल शेव, पापडी, चिवडा, खारे शेंगदाणे, मुरमुरे, डाळे, रेवड्या. गुळाच्या पाकात घोळलेली गोडीशेव वेगळ्या डब्यात, कारण ती दमट हवेत चिकटते. जत्रेहून घरी येणारा माणूस हमखास आणतो ती हीच. चांगली गोडीशेव दातांखाली आधी कुरकुरते आणि मग गूळ विरघळतो; साखरेच्या पाकातली नुसतीच गोड लागते. गुळाची आहे का, हे विचारून घ्यावं. दुकानदाराला राग येत नाही, उलट घेणाऱ्याला कळतं म्हणून तो बरा माल पुढे करतो.

फुटाण्यांबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं, कारण एवढ्या स्वस्त वस्तूमागे एवढी कारागिरी असेल असं वाटत नाही. हरभऱ्याला पाण्याचा हबका मारून मुरवत ठेवतात. भट्टीवरच्या लोखंडी कढईत वाळू तापलेली असते. त्यात हरभरा टाकून झाऱ्यानं भराभर हलवायचा, चाळणीवर काढून वाळू खाली पाडायची. हा पहिला हात. मग तो दाणा निवू द्यायचा, विसावू द्यायचा, आणि पुन्हा आणखी कडक वाळूत घालायचा. आता साल तडकतं आणि दाणा फुटतो, म्हणून तो फुटाणा. तोच सोलला की डाळं. वाळू कमी तापली तर दाणा दाताला टणक लागतो, जास्त तापली तर आतून करपतो आणि कडवट होतो. हे तापमान भट्टीवाला कुठल्याही काट्यावर बघत नाही. चार दाणे टाकतो, तडतड ऐकतो आणि ठरवतो. पिढ्यान् पिढ्या भट्टीपुढे बसलेल्या भडभुंज्यांचं हे ज्ञान आहे आणि ते आपण दहा रुपयांत खिशात घालून नेतो.

शेवेचंही तसंच. बेसनात कडकडीत तेलाचं मोहन किती, यावर सगळं अवलंबून. कमी पडलं तर शेव दगड, जास्त झालं तर तेलात विरते. कढईत घाणा सोडला की आधी फेस उसळतो. पिठातलं पाणी उडून गेलं की फेस बसतो, आवाज बारीक होतो आणि तळणारा तेवढ्यात झारा घालतो. एकदा मी दुसऱ्या गावच्या दुकानातून आणलेली शेव घरी उघडली तर वारंवार तापवलेल्या तेलाचा खवट वास आला, अख्खी पिशवी टाकावी लागली. तेव्हापासून आधी चार काड्या हातावर मागून घेतो. पुडीच्या मालात ही सोय नाही. सुट्या मालाचं हे मोठं सुख आहे की तो आधी चाखता येतो.

आता आजींच्या खारोड्या. बाजरी ओलवून कांडायची, कोंडा पाखडून काढायचा, भरडा पाण्यात शिजवायचा. त्यात लसूण, जिरं, तीळ, तिखट, मीठ. मग चैत्र-वैशाखाच्या उन्हात कापडावर छोटे छोटे तोडे घालायचे. वाळल्या की वर्षभर टिकतात. तळून तर छान लागतातच, पण खरी गंमत कच्च्या खारोड्या आणि शेंगदाण्यांची, पावसाळी संध्याकाळी. घरोघरी होणारा हा पदार्थ दुकानात कसा आला? घरातल्या बाया सोयाबीन-कपाशीच्या कामात, सुना-मुली नोकरीला, गच्ची असलीच तर राखायला कोणी नाही. ज्यांच्याकडे हात आणि अंगण दोन्ही आहे अशा बाया करतात आणि दुकानात ठेवतात. बचत गटांमुळे तर अशा मालाला पिशवी, नाव आणि वजन मिळालं. मुंबईत गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन 15 मार्च 1959 ला पापड लाटायला घेतले, त्यातून लिज्जत उभं राहिलं, हे आपल्याला पाठ असतं. आपल्या गल्लीतल्या कुरडया कोणी केल्या, हे मात्र आपण विचारत नाही.

आणि येसर. ज्वारी किंवा बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ वेगवेगळी खमंग भाजून, धणे-जिरे-मिरची-मसाल्यांसह दळलेलं हे पीठ. लसणाची फोडणी, पाणी, त्यात कालवलेलं येसर, एक उकळी, की दहा मिनिटांत आमटी. मुंबई-पुण्यात शिकायला गेलेल्या मुलांच्या डब्यांतून हे पीठ मुकाट प्रवास करतं. झटपट खाण्याचं कौतुक करणाऱ्या जाहिराती यायच्या फार आधी मराठवाड्यानं आपलं झटपट जेवण पिशवीत भरून ठेवलं होतं.

फिलिपिन्समध्येही गल्लीबोळातलं असंच दुकान असतं, त्याला सारी-सारी म्हणतात. सारी-सारी म्हणजे नाना तऱ्हेचं. तिथेही पुड्यांच्या लडी लोंबतात आणि घेणारा माणूस अख्खी बाटली न घेता थोडंसं व्हिनेगर किंवा एकच सिगारेट मागतो. अशा सुट्या विक्रीला त्यांचा शब्द आहे तिंगी. तिथे लसूण लावून तळलेले मक्याचे दाणे मिळतात, त्यांचं नाव कॉर्निक. कच्च्या पपईचं आंबटगोड लोणचं मिळतं, त्याला म्हणतात आत्सारा; हा आपल्या अचार शब्दाचाच भाऊ. भारतीय माणसाला तर ते बोलीत बुंबाय म्हणतात, मुंबईवरून. इतक्या दूरच्या फळीवर आपल्या ओळखीचं काही सापडतं याचा मला फार आनंद होतो. पण त्या कॉर्निकवरून मला जाफराबादचा मका आठवतो. खरिपात इथल्या शिवारात मका उभा असतो, पोत्यांत भरून ट्रकनं जातो, आणि दारावरच्या लडीत परत येतो. 1999 साली बाजारात आलेल्या कुरकुऱ्यात तरी दुसरं काय आहे, मका, तांदूळ आणि हरभऱ्याचंच पीठ. तळलेल्या मक्याचा एक डबा इथल्या भट्टीवाल्यानं का करू नये, असं मला मनापासून वाटतं.

सुट्या मालाला अडचणी आहेत, त्या झाकायचं कारण नाही. पाकिटावर तारीख असते, अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी क्रमांक असतो. डब्यावर बहुतेक वेळा काहीच नसतं. छापील वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधायला 2018 च्या नियमांनी मनाई केली आणि ते योग्यच झालं, छपाईची शाई तेलात उतरते. या दुकानात आता खाकी कागद वापरतात. पुडी बांधायची रीत मात्र जुनीच. कागदाचा कोन, आत शेव, वरचं टोक दुमडलेलं. छताला टांगलेल्या रिळाचा दोरा सर्रकन खाली येतो, दोन आडवे वेढे, एक उभा, बोटाला हिसका देऊन तोडलेला. गाठ मारलेली दिसत नाही आणि पुडी सुटतही नाही. मी तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा शेव टेबलावर.

माझी पाळी आली तेव्हा आजी अजून तिथेच होत्या, पदराच्या गाठीतले सुटे पैसे मोजत. मी खारोड्या मागितल्या. दुकानदारानं पिशवी उघडली, पण आजींनीच आधी एक उचलून दाताखाली धरली.

"लसूण बरोबर पडलाय," त्या म्हणाल्या. "घ्या. पण तळू नका सगळ्या."