काम किती दिवसांत होईल?

बालमित्रांनो, गणिताच्या तासाला गुरुजी फळ्याची लांबी विचारतात. आपण आधी अंदाज सांगतो व मग पट्टीने मोजून पाहतो. पण एखादे काम किती वेळात होईल, हे मात्र आपण कधीच मोजून सांगत नाही. सहज सांगून देतो, "हे तर एका दिवसात होते!" आणि तो अंदाज बहुधा कमीच निघतो. असे का होते व चांगला अंदाज कसा करावा, ते मी या लेखात सांगणार आहे.

मागच्या वर्षी आमच्या तीन एकर वावरात सोयाबीन होते. बाबा म्हणाले, "दोन दिवसांत सोंगून होते. तिसऱ्या दिवशी मळणीयंत्र सांगून देतो." त्यांनी सहा बाया सांगितल्या होत्या. पण साऱ्या गावाची सोंगणी एकदमच निघाली, म्हणून चारच आल्या. नाल्याकडच्या कोपऱ्यात गवत फार होते. तिथे विळा भरभर चालेना. तिसऱ्या दिवशी यंत्र आले तेव्हा एक एकर उभेच होते. यंत्रवाला थोडा वेळ थांबला आणि दुसऱ्याच्या वावरात निघून गेला. त्याच रात्री पाऊस आला. सोंगलेले सोयाबीन उघड्यावर होते. दाणे काळे पडले, काहींना मोड आले. भाव कमी मिळाला. ताईची फी वेळेवर भरता आली नाही. आजी म्हणाली, "सोंगायचे दिवस मोजले, पण गोळा करायचे अन् वाट पाहायचे दिवस कोनंच मोजले नाई."

आजीचे बोलणे मला यंदा शाळेत समजले. आमच्या वर्गाला गावातील झाडांची नोंद करण्याचा प्रकल्प होता. ६० घरी जाऊन अंगणात कोणती झाडे आहेत ते लिहायचे होते. आम्ही सर्वजण ओरडलो, "एका तासात होते, गुरुजी!" गुरुजी हसले व म्हणाले, "आधी तीन घरे करून या. जाताना व येताना घड्याळ पाहा." तीन घरांना ४५ मिनिटे लागली. म्हणजे एका घराला १५ मिनिटे. ६० घरांना ९०० मिनिटे, म्हणजे १५ तास! आम्ही पाच गट केले. प्रत्येक गटाला १२ घरे आली, म्हणजे ३ तासांचे काम झाले. प्रत्यक्षात आमच्या गटाला ४ तास लागले. कारण दोन घरांना कुलूप होते, तिथे पुन्हा जावे लागले. एका घरी आजीने आम्हाला बसवून फुटाणे दिले, त्यातही वेळ गेला.

यावरून गुरुजींनी आम्हाला पुढील गोष्टी सांगितल्या:

(१) कामाचे लहान लहान तुकडे पाडावेत.
(२) एक तुकडा आधी करून पाहावा, वेळ मोजावा व मग गुणाकार करावा.
(३) सर्व तुकडे सारखे समजू नयेत. अवघड तुकडा वेगळा मोजावा.
(४) वाट पाहण्याचा वेळ त्यात मिळवावा.
(५) असेच काम मागच्या वेळी किती दिवस चालले, ते विचारावे.
(६) एखादा दिवस राखून ठेवावा.

मोठमोठ्या लोकांचेही अंदाज चुकतात बरे का! ऑस्ट्रेलिया देशात सिडनी शहरात एक प्रसिद्ध नाट्यगृह आहे. त्याचे छप्पर मोठमोठ्या शिंपल्यांसारखे दिसते. त्याचे काम १९५९ साली सुरू झाले. ते १९६३ साली पूर्ण होईल असे ठरले होते. पण उद्घाटन झाले १९७३ साली! ते छप्पर कसे उभारायचे हे नीट ठरण्याआधीच काम सुरू केले होते.

आपल्या वाशिम जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. तो नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर लांब आहे. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा रस्ता ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. पण इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. तिथे सह्याद्रीचे डोंगर आहेत, म्हणून बोगदे व उंच पूल करावे लागले. म्हणजे सपाट जमिनीवरचा एक किलोमीटर आणि डोंगरातला एक किलोमीटर सारखा नसतो. आमच्या वावरातला गवताचा कोपरा तसाच होता.

यंदा सोंगणीच्या वेळी मी बाबांना म्हटले, "बाबा, यंदा आपण मोजू." मी वावरातल्या ओळी मोजल्या. त्या २४० भरल्या. पहिल्या दिवशी सांजेपर्यंत सहा बायांनी ८० ओळी सोंगल्या. २४० भागिले ८० म्हणजे ३ दिवस. गोळा करून गंजी लावायला १ दिवस. १ दिवस राखीव. बाबांनी यंत्रवाल्याला सहाव्या दिवशी बोलावले.

पाचव्या रात्री पाऊस आलाच! पण गंजी ताडपत्रीखाली होती. चिखलामुळे यंत्र सातव्या दिवशी आले. माझा अंदाज एका दिवसाने चुकला, पण सोयाबीन वाचले. बाबा म्हणाले, "पुढच्या साली दोन दिवस राखीव ठेवू."

तर मित्रांनो, "होऊन जाते" असे म्हणण्याआधी थोडे काम करून पाहा, घड्याळ पाहा आणि गुणाकार करा.