दिवाळं निघालं म्हणून भाड्याचं घर जातं का?

धंदा बसला, क्रेडिट कार्डांची थकबाकी फुगली, वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले, की माणसाला पहिली धास्ती वाटते ती डोक्यावरच्या छपराची. मुंबईतल्या चेंबूरमध्ये भाड्याची घरं एका प्रकारची नाहीत. जुन्या इमारतींत पागडीचे भाडेकरू आहेत. टिळकनगर, सुभाषनगरातल्या इमारती पुनर्विकासाला गेल्या, की तिथली कुटुंबं नवं घर होईपर्यंत आसपास लिव्ह अँड लायसन्सवर राहतात. अणुशक्तीनगरात आणि खत कारखान्याच्या वसाहतीत नोकरीसोबत मिळालेली क्वार्टर्स आहेत. प्रत्येकाचा कागद निराळा, म्हणून दिवाळखोरीचा परिणामही निराळा. पण सल्ला मात्र सगळ्यांना एकच मिळतो: "नादार झालास की मालक बाहेर काढणार."

हा सल्ला चुकीचा आहे आणि त्याने नुकसान होतं. घर जाणारच आहे असं धरून माणूस भाडं द्यायचं थांबवतो आणि ते पैसे सर्वांत जास्त ओरडणाऱ्या वसुलीवाल्याच्या हाती ठेवतो. घर जातं ते त्या थकलेल्या भाड्यामुळे.

आधी कायदा कोणता ते पाहू, कारण इथेच पहिला गैरसमज आहे. २०१६ साली नादारी व दिवाळखोरी संहिता आली, तेव्हापासून सगळ्यांना तीच लागू आहे असं बहुतेकांना वाटतं. त्या संहितेतला व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून अमलात आला, पण फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांसाठी. आपल्याच प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या कर्जावर हमीदार म्हणून सही केलेला छोटा कारखानदार त्यात येतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली ही तरतूद कायम ठेवली आहे. कार्डाच्या, वैयक्तिक कर्जाच्या किंवा दुकानाच्या उधारीच्या ओझ्याखाली असलेला साधा माणूस मात्र अजून जुन्याच कायद्याखाली आहे. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन शहरांसाठी १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट आहे, तर उरलेल्या महाराष्ट्रासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. चेंबूरकराचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयात जातो. मानखुर्दपुढचा खाडीपूल ओलांडून वाशीला राहायला गेलेल्या त्याच्या भावाला दुसरा कायदा आणि ठाणे जिल्ह्याचं न्यायालय. हा फरक केवळ पत्त्याचा नाही. घरातल्या वस्तूंपर्यंत तो पोचतो, ते पुढे येईल.

आता मालकाकडे वळू. पागडीच्या किंवा तशाच संरक्षित भाडेकरूला घराबाहेर काढायची कारणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मध्ये मोजून दिलेली आहेत. घराची नासधूस, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं, मालकाची स्वतःची खरी गरज अशी ती यादी आहे. भाडेकरूचं दिवाळं निघणं हे कारण त्या यादीत नाही. भाडं थकलं तरीसुद्धा मालकाला लगेच कोर्टात जाता येत नाही. त्याने लेखी मागणीची नोटीस द्यायची, ९० दिवस थांबायचं आणि मगच दावा लावायचा. दावा लागल्यावरही भाडेकरूला समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी, त्यावर १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च भरला आणि पुढचं भाडं नियमित देत राहिलं, तर थकबाकीच्या कारणावरून बेदखलीचा हुकूम होत नाही. या दोन नव्वदींत कितीतरी घरं वाचू शकतात. ती वाचत नाहीत याचं एक कारण असं, की नोटीस आलेली माणसं लाजेने ती कपाटात ठेवून देतात. नोटीस आल्याच्या दिवशी वकील गाठावा. पैसे नसतील त्याला विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत मागता येते. मालक पाणी-वीज तोडून बाहेर काढू पाहत असेल, तर तेही याच कायद्याने निषिद्ध आहे.

पण सगळेच भाडेकरू या छत्राखाली नाहीत. दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यात कधीकधी एक कलम घातलेलं असतं: भाडेकरू नादार ठरला तर मालकाला जागा परत घेता येईल. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या १११ व्या कलमाने अशी अट चालते. एरवी 'नादार झाल्यास हक्क संपेल' अशी अट तो कायदा मानत नाही, पण मालकाच्या हितासाठी भाडेपट्ट्यात घातलेल्या अटीला त्याने खास मोकळीक दिली आहे. करारात ते वाक्य नसेल, तर निव्वळ नादारीमुळे भाडेपट्टा संपत नाही. म्हणून पहिलं काम करार काढून वाचायचं. विशेषतः व्यावसायिक गाळ्यांच्या करारात हे वाक्य मागच्या पानांवर शोधावं.

लिव्ह अँड लायसन्सवाल्याची बाजू सर्वांत नाजूक. त्याच्याकडे जागेचा हक्क नसतो, ठरलेल्या मुदतीपुरती राहण्याची परवानगी असते. दिवाळं निघालं म्हणून मुदतीआधी ती परवानगी आपोआप रद्द होत नाही. करारात लिहिलेल्या नोटिशीच्या अटीच चालतात. मात्र मुदत संपल्यावर मालकाने नूतनीकरण नाकारलं, तर कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून त्याला जागा परत घेता येते आणि मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांसाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. थोडक्यात, कर्जात बुडालेल्या लायसन्सधारकाने कॅलेंडरवर एकच तारीख ठळक करून ठेवावी: कराराचा शेवटचा दिवस. मालकाशी बोलणं त्याच्या दोन-तीन महिने आधीच करावं. पुढच्या घराचा मालक परस्पर सिबिल अहवाल काढील ही भीती मात्र सोडावी. तुमच्या संमतीशिवाय घरमालकाला तो मिळत नाही.

क्वार्टर्सचं उत्तर थोडक्यात देता येतं. तिथलं घर नोकरीशी बांधलेलं असतं, कर्जाशी नाही. पण केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला १९६४ च्या वर्तणूक नियमांनुसार कर्जवसुलीची किंवा नादारीची कारवाई सुरू झाल्याचं कार्यालयाला कळवावंच लागतं. ते लपवलं तर प्रश्न नोकरीचा होतो, आणि मग घराचाही.

दुसरी मोठी भीती बँकेची. बँक घरातली भांडीकुंडी उचलून नेईल आणि पागडीचं घर लिलावात काढील, असं अनेकांना वाटतं. चेंबूरसारख्या ठिकाणी पागडीच्या हक्काला मोठी किंमत येते, त्यामुळे ही शंका स्वाभाविक आहे. कोर्टाचा हुकूमनामा मिळवून जप्तीला आलेल्या सावकारासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमात काय जप्त करता येत नाही याची यादी आहे. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रीतीप्रमाणे स्त्रीला उतरवता न येणारे दागिने आणि कारागिराची हत्यारं त्या यादीत आहेत. भविष्य निर्वाह निधीही आहे. भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या राहत्या घरातला भाडेकरूचा हक्कसुद्धा त्यात आहे, आणि ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणजे पागडीचं राहतं घर हुकूमनाम्यापोटी जप्त होत नाही. दुकानाच्या गाळ्याला हे संरक्षण नाही.

इथे खाडीपलीकडचा फरक येतो. १९२० च्या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे, की दिवाणी संहितेने जप्तीतून वगळलेल्या वस्तू नादाराच्या मालमत्तेत धरायच्या नाहीत. मुंबईच्या १९०९ च्या कायद्याच्या मूळ मजकुरात तशी सरळ जोड नाही. त्यातली सूट हत्यारं, कपडे, भांडी, अंथरूण आणि फर्निचर मिळून ३०० रुपयांची आहे. शंभर वर्षांहून जुना हा आकडा एकविसाव्या शतकातल्या गरीब कुटुंबावर लादणं मला अन्यायाचं वाटतं, आणि व्यक्तींसाठीचा नवा कायदा लागू करायला झालेला उशीर त्याहून अधिक. म्हणूनच पागडीच्या घरात राहणाऱ्या मुंबईकराने स्वतःहून नादारीचा अर्ज घालण्याआधी आपल्या भाडेहक्काचं काय होईल हे जाणकार वकिलाकडून लेखी घ्यावं. अर्ज मंजूर होऊन नादार ठरल्यावर मालमत्ता उच्च न्यायालयाच्या ऑफिशियल असायनीकडे जाते. बदल्यात सावकारांना न्यायालयाच्या परवानगीविना त्याच कर्जापोटी दावे लावता येत नाहीत. हा दिलासा मोठा आहे, पण त्याची किंमत आधी कळायला हवी.

घराचं डिपॉझिट सुरक्षित राहतं हाही समज खरा नाही. मालकाकडून परत यायची ती रक्कम तुमचीच मालमत्ता आहे, त्यामुळे तिच्यावर असायनीचा हक्क पोचतो. मागच्या थकलेल्या भाड्यासाठी घरमालकालाही इतर घेणेकऱ्यांसारखाच दावा दाखल करावा लागतो. फक्त एका महिन्याच्या भाड्याला १९०९ च्या कायद्याने अग्रक्रम दिला आहे. नादार ठरल्यानंतरचं भाडं मात्र महिन्याच्या महिन्याला द्यायचंच आहे. आणि नादारीतून सुटकेचा आदेश मिळेपर्यंत, आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपयांची उधारीसुद्धा घेता येत नाही. तो गुन्हा आहे.

"भाडेपावती बायकोच्या नावावर करून टाक" असा सल्ला देणारे हितचिंतक प्रत्येक घराला असतात. त्यांचं ऐकू नये. नादार ठरण्याआधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय केलेलं हस्तांतर असायनीवर बंधनकारक नसतं. शिवाय मेहुण्याची उसनवारी आधी फेडून इतरांना ताटकळत ठेवलं, तर अर्जाआधीच्या तीन महिन्यांतली तशी परतफेडही उलटवली जाऊ शकते. पावती मुळातच आईच्या किंवा पत्नीच्या नावावर असेल तर गोष्ट वेगळी. तिने कर्जावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केलेली नसेल, तर नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नादारीचा तिच्या भाडेहक्काशी संबंध येत नाही.

इथवर आपण भाडेकरूच्या दिवाळ्याबद्दल बोललो. पण मुंबईत दारावर अचानक नोटीस चिकटते ती बहुधा मालकाच्या कर्जाची. मालकाने फ्लॅट गहाण ठेवलेला, हप्ते थकलेले, बँकेने सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची मागणी नोटीस दिलेली, आणि आत राहणाऱ्याला यातलं काही माहीत नाही. नियमित भाडं भरणाऱ्याला बँक हात लावू शकत नाही असं अशा वेळी लोक ठामपणे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. मुंबईतूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या विशाल कलसारिया विरुद्ध बँक ऑफ इंडिया या खटल्यात २०१६ साली निकाल लागला, की भाडे नियंत्रण कायद्याने संरक्षित भाडेकरूला सरफेसीच्या जोरावर बाहेर काढता येत नाही. त्यासाठी भाडे कायद्याचाच मार्ग धरावा लागतो. २०१९ च्या बजरंग अगरवाल विरुद्ध सेंट्रल बँक या निकालाने त्याला मर्यादा घातली. भाडेकराराचा पुरावा भाडेकरूने द्यायचा, आणि करार तोंडी किंवा नोंदणी नसलेला असेल तर वर्षभरापलीकडे त्याचा आधार मिळत नाही. बँकेची नोटीस लागल्यावर तिच्या संमतीविना मालकाने केलेला नवा करारही टिकत नाही.

लायसन्सधारकाला तर या निकालांचा आसरा फारसा नाही. घर विकत घेणारा नवा मालक जुन्या मालकाने दिलेल्या परवानगीला बांधील नसतो, आणि अनामत रक्कम दिवाळखोर मालकाच्या विनातारण देण्यांच्या रांगेत जाऊन बसते. म्हणून चेंबूर नाक्यावरच्या दलालाने दाखवलेलं घर आवडलं, तरी डिपॉझिटचा चेक लिहिण्याआधी घरावर कर्ज आहे का हे मालकाला सरळ विचारावं आणि उत्तर करारात लिहून घ्यावं. सोसायटीच्या कार्यालयातही विचारावं. गहाणाची नोंद पुष्कळदा तिथे असते. करार नोंदवून घ्यावा. ती जबाबदारी कायद्याने मालकाची आहे आणि न पाळल्यास शिक्षाही त्यालाच आहे, पण प्रत आपल्याजवळ असावी. भाडं बँकेतून द्यावं किंवा पावती घ्यावी. आणि दारावर नोटीस चिकटलीच, तर बँकेने ताब्यासाठी पाऊल उचलल्यापासून ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणात भाडेकरू म्हणून अर्ज करता येतो. त्या अर्जाला नोंदलेला करार, भाड्याच्या पावत्या, वीजबिलं आणि पोलीस पडताळणीचा कागद जोडावा.