धातूची सावली



आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे शिकलो ते कामगारांचे तंटे लढवताना. एम.आर.आय. हा विषयही असाच पदरात पडला. आमच्या एका टर्नर सभासदाचा खुब्याचा सांधा बदललेला होता. पुन्हा कळा येऊ लागल्या म्हणून चित्र काढले, तर सांध्याभोवती नुसता काळा डाग. मालकाच्या बाजूने सांगण्यात आले, "चित्रात काही दिसत नाही, सबब दुखणे नाही." न दिसणे आणि नसणे यांतील फरक समजून घेण्यासाठी आम्ही चार पुस्तके उघडली.

हे यंत्र क्ष-किरण वापरीत नाही. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट बलवान अशा १.५ टेस्लाच्या चुंबकात माणसाला निजवतात. शरीरातील पाण्याचे व चरबीचे हायड्रोजन-कण तेथे रेडिओलहरींना प्रतिसाद देतात, आणि त्यांचा सूर चुंबकाच्या बलाप्रमाणे चढतो-उतरतो. बल जागोजाग थोडे कमीजास्त ठेवले, की सुरावरून जागा ओळखता येते. ही युक्ती पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली मांडली. २००३ साली त्यांना व पीटर मॅन्सफील्ड यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

गिरण्यांच्या काळी बिल्ल्याच्या नंबरावरून हजेरी लागे. कोणी बिल्ले उलटसुलट केले तर कागदावर एक खाते ओस आणि दुसऱ्यात गर्दी. कामगार मात्र आपापल्या जागी हजरच! धातू नेमके हेच करतो. तो भोवतालचे चुंबकत्व बिघडवतो, सूर बदलतात, आणि यंत्र एका जागेची नोंद दुसऱ्या जागी करते. म्हणून कोठे काळोख, कोठे लखलखाट. टायटॅनियमचा उपद्रव थोडा, कोबाल्ट-क्रोमचा अधिक, पोलादाचा फार.

यावर उपाय आहेत. ३ ऐवजी १.५ टेस्लाचे यंत्र घ्यावे. चुंबक जितका बलवान तितका बिघाड मोठा. शेजारच्या जागांच्या सुरांत अंतर वाढवावे, म्हणजे धातूने केलेली सरमिसळ लहान ठरते. यालाच तंत्रज्ञ बँडविड्थ वाढवणे म्हणतात. काप पातळ घ्यावेत. ग्रेडियंट-इको टाळून स्पिन-इको पद्धत वापरावी. तीत विस्कटलेले सूर उलट फिरवून पुन्हा जुळवतात. चरबीची चमक सुरावरून दाबण्याची रीत धातूजवळ फसते. तेथे वेळेवर विसंबणारी 'स्टर' पद्धत चालते. २००९ साली सेमॅक व मॅव्हरिक या पद्धती प्रसिद्ध झाल्या. त्या भरकटलेले संकेत मूळ जागी आणून बसवतात. याची किंमत जादा वेळेत व चित्रातील खरखरीत मोजावी लागते, आणि धातूला अगदी लागून असलेला भाग तरीही पुसट राहू शकतो.

आमच्या सभासदाचे चित्र या रीतीने पुन्हा काढले, तेव्हा सांध्याभोवती साचलेला द्रव व झिजलेले हाड दिसले. त्याची तक्रार खरी ठरली.

तेव्हा आपणांस विनंती एवढीच: शस्त्रक्रियेचा, धातूची नोंद असलेला कागद रेशनकार्डाइतका जपा आणि तपासणीपूर्वी दाखवा, काही जुने पेसमेकर तर या चुंबकात धोक्याचेच असतात. चित्र काळे आले, तर धातूसाठी वेगळी मांडणी करता येईल काय, असे निःसंकोच विचारा. हजेरीपट चुकला म्हणून हजर माणूस गैरहजर ठरत नाही.