डायन्थस लावायचंय? आधी वाण बघा



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत अंतर्गत कर्जाची मागणी आली. कारण लिहिलं होतं – फुलझाडे, कार्नेशन. गावात एक विक्रेता येऊन गेला होता. "अंगणात लावा, फुलं आम्हीच उचलू," म्हणाला आणि रोपांचे पैसे आगाऊ मागितले. मी ताईंना विचारलं, तुम्ही हे झाड कुठं पाहिलंय? तर म्हणाल्या, शेजारणीच्या कुंडीत. शेजारणीच्या कुंडीत होतं डायन्थस. मोबाईलवरचा फोटो होता कार्नेशनचा. दोन्ही एकच समजून कर्ज निघणार होतं.

दोघी बहिणीच आहेत म्हणा. कार्नेशन हाही डायन्थसचाच एक प्रकार. पण लांब दांड्याचं, गुच्छात घालायचं कार्नेशन पॉलिहाऊसमध्ये घेतात. पुण्याजवळ तळेगाव भागात अशी पॉलिहाऊस आहेत. त्याला रात्री थंडावा लागतो, दांडे सरळ राहावेत म्हणून जाळीचा आधार लागतो. आपल्या अंगणात बाजाराला चालेल असा माल येत नाही. त्यासाठी गटाचं कर्ज काढू नका, हे मी स्पष्टच सांगते.

अंगणात येतं ते चायना पिंक. फुलं लाल, गुलाबी, पांढरी, काही दोन रंगांची. पाकळीची कड कात्रीनं नक्षी कापल्यासारखी दातेरी. झाड वीतभर उंच राहतं, म्हणून कुंडीला आणि वाफ्याच्या कडेला छान दिसतं. पहिल्यांदा लावणार असाल तर हेच घ्या. दीड-दोन फूट वाढणारे उंच वाणही मिळतात, ते फुलदाणीत ठेवायला बरे. स्वीट विल्यम नावाचं पाकीट दिसलं तर जरा थांबा. त्याच्या जुन्या वाणांना फुलण्याआधी चांगली थंडी खावी लागते, आपल्याकडे नुसती पानंच बघत बसाल. 'कार्नेशन शाबो' असंही बियाणं मिळतं. ते उघड्यावर येतं, पण फुलायला पाच-सहा महिने घेतं.

पाकिटावर आणखी एक गोष्ट वाचा – 'एफ-१' लिहिलंय का. ते संकरित बियाणं. फुलं एकसारखी येतात, पण त्याचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर तशीच फुलं येतील याची खात्री नाही. साध्या मिश्र रंगाच्या पाकिटाचं बी धरता येतं, रंग थोडे सरमिसळ होतात इतकंच. घरच्यासाठी मला तेच परवडतं.

आता माझी फजिती सांगते. प्रशिक्षणातून बी आणलं आणि उत्साहाच्या भरात जूनमध्येच पेरलं. रोपं उगवली झकास. जुलैच्या झडीत बुडापासून कुजून आडवी झाली, एकही वाचलं नाही. डायन्थसला पाणी साचलेलं अजिबात चालत नाही. आपली काळी जमीन तर पाणी धरूनच ठेवते. म्हणून वाफा वीतभर उंच करा. कुंडी असेल तर दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि एक भाग वाळू असं मिसळा. कुंडीच्या तळाचं भोक खापरीनं झाका, पण बुजवू नका.

पाऊस ओसरला की, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा, तेव्हा पेरा. कोकणातल्या ताईंनी आणखी थोडं थांबावं. बी बारीक असतं, वरून चिमूटभर माती पुरे. आठ-दहा दिवसांत उगवतं. चार-सहा पानं आली की वीतभर अंतरावर लावा. ऊन निदान पाच तास हवं, तुळशीवृंदावनाच्या सावलीत नको. पाणी सकाळी, बुडाशी, आणि वरची माती सुकल्यावरच. युरिया टाकू नका, पानं माजतात. दर तीन आठवड्यांनी मूठभर गांडूळखत पुरतं. सुकलेली फुलं खुडत राहा. खुडली नाहीत तर झाड बी धरण्याच्या मागे लागतं आणि कळ्या कमी होतात. पहिला बहर संपल्यावर वरचा एक तृतीयांश शेंडा कापला की पुन्हा फुटतं. मार्च-एप्रिलचं ऊन लागलं की मात्र संपतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

विकायचं का? हारवाले ही फुलं घेत नाहीत, दांडी आखूड. दिवाळीलाही फुलत नाही. पण ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेरलेलं रोप साधारण शंभर दिवसांत, म्हणजे बरोबर संक्रांतीला फुलावर येतं. रथसप्तमीपर्यंत हळदी-कुंकू चालतं, आणि वाण म्हणून प्लॅस्टिकच्या डब्यापेक्षा पिशवीतलं फुललेलं रोप कोणाला नको असेल? तरी आधी विचारून घ्या. आपल्या ग्रामसंघात यंदा किती जणी घेतील, हे सप्टेंबरच्या बैठकीत मोजा आणि तेवढीच रोपं करा. दहा-वीस टक्के मर धरून थोडं जास्त पेरा.

त्या ताईंनी कर्जाची मागणी मागे घेतली. चायना पिंकची दोन पाकिटं आणलीत, स्वतःच्या पैशानं. तुम्हीही पाकीट घेताना अडलात तर दोन्ही बाजूंचा फोटो काढून गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाका, पैसे देण्याआधी.