रुंद टायर बसविताना व्यास तपासा

मोटार रुबाबदार दिसावी आणि रस्त्यावरील पकड वाढावी, यासाठी मूळ टायर काढून रुंद टायर बसविण्याकडे अनेकांचा कल असतो. मात्र, केवळ रुंदी पाहून केलेली निवड धोक्याची ठरू शकते.

टायरवरील '१६५/८० आर १४' या आकड्यांचा अर्थ असा : रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के आणि रिमचा व्यास १४ इंच. या टायरचा एकूण व्यास सुमारे ६२० मिलिमीटर भरतो. त्याऐवजी '१८५/७० आर १४' बसविल्यास तो ६१५ होतो. फरक एक टक्क्याहून कमी. '१८५/८० आर १४' घेतल्यास मात्र तो ६५२ वर जातो. स्पीडोमीटर चाकाच्या फेऱ्यांवरून वेग दाखवितो. त्यामुळे मूळ टायरवर अचूक असलेला काटा आता १०० दाखवीत असताना मोटार ताशी १०५ किलोमीटर वेगाने धावत असते. शिवाय वळणावर किंवा खड्ड्यात टायर मडगार्डला घासू शकतो.

व्यासातील फरक ३ टक्क्यांच्या आत असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. रिमची रुंदी नव्या टायरला साजेशी हवी. टायरची भारक्षमताही मूळ टायरपेक्षा कमी नसावी. टायरवरील '८२' हा भारांक प्रत्येकी ४७५ किलोची क्षमता दर्शवितो.