सिकलसेलच्या कळा: मुलाचं दुखणं मोजायचं कसं?

जखम नाही, पडझड नाही. तरी मूल रात्रभर कळवळतं. गोंदिया जिल्ह्यातील देवरी, सालेकसा भागांतल्या अनेक घरांना सिकलसेलचं हे दुखणं ओळखीचं आहे. विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढे प्राणवायू पोहोचत नाही आणि हाडं ठणकू लागतात. थंडी, ताप किंवा पाणी कमी पिणं एवढंही निमित्त पुरतं.

वरून काही दिसत नाही, म्हणून ‘नाटक करतंय’ म्हणणारे भेटतातच. पण दुखणं मोजता येतं. तीन-चार वर्षांपुढच्या मुलाला हसऱ्यापासून रडक्यापर्यंतच्या चेहऱ्यांची चित्रं दाखवून विचारतात. त्याहून लहान असेल तर चेहरा, पायांची हालचाल, रडणं, कुशीत शांत होतं का, हे पाहून ० ते १० गुण देतात.

ब्रिटनमधील २०१२ च्या सूचनांनुसार रुग्ण आल्यापासून ३० मिनिटांत वेदनाशामक द्यायचं आणि आराम पडेपर्यंत दर ३० मिनिटांनी पुन्हा तपासायचं. आपल्याकडे गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत पोहोचण्यातच वेळ जातो. त्यामुळे पहिला डोस वाटेतल्या ग्रामीण रुग्णालयातच मिळायला हवा. तीव्र कळांना मॉर्फिन लागू शकतं. व्यसनाच्या भीतीनं ते टाळलं जातं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते देता येतं. २०१४ मध्ये अमली पदार्थ कायद्यात दुरुस्ती होऊन मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी परवान्यांची गुंतागुंतही कमी झाली.

रुग्णालयात जाताना सिकलसेल कार्ड सोबत न्या. घरी पॅरासिटामॉल दिलं असेल तर किती आणि किती वाजता, ते आधी सांगा. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा ताप असेल तर सकाळची वाट पाहू नका.