‘पुट अप विथ’ : तीन सोपे शब्द, एक अवघड अर्थ

इंग्रजीतले अवघड शब्द कोणते, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण लांबलचक शब्दांची यादी देतील. मला मात्र लांब शब्दांची भीती कधी वाटली नाही. लांब शब्द शब्दकोशात सापडतो आणि एकदा सापडला की कायमचा आपला होतो. खरी पंचाईत करतात ते ‘पुट’, ‘अप’, ‘विथ’ असे चिमुकले शब्द. ते शाळेपासून तोंडपाठ असतात, म्हणून त्यांचा अर्थ विचारायचीही लाज वाटते. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, ‘अप’ म्हणजे वर आणि ‘विथ’ म्हणजे सह. तिन्हींची बेरीज ‘कशासह तरी वर ठेवणे’ अशी काहीतरी व्हावी. पण अर्थ निघतो ‘सहन करणे’! आमच्या घरात इंग्रजी पुस्तक उघडणारी मी पहिलीच. अडलेला शब्द विचारायला घरी कोणी नाही. म्हणून या एकाच क्रियापदाचा जरा पाठपुरावा केला. तो आपल्यासारख्या इतरांनाही उपयोगी पडेल, असे वाटते.

क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ असे शेपूट जोडून नवा अर्थ घडवायचा, ही इंग्रजीची जुनी खोड आहे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये आपला प्रसिद्ध शब्दकोश प्रकाशित केला. परकीयांना इंग्रजीत सर्वांत जास्त अडचण याच प्रकाराची होते, असे त्यांनी त्याच्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. म्हणजे आपण अडतो यात नवल नाही! या क्रियापदांना ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. हे नाव लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ च्या पुस्तकात आढळते आणि ते कोशकार हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचे स्मिथ यांनीच सांगितले आहे.

पण हा प्रकार मराठी माणसाला परका का वाटावा? ‘त्याने लाडू खाऊन टाकला’ यात कोणी काही टाकत नाही. ‘ती पैसे हरवून बसली’ यात कोणी बसत नाही. ‘मनावर घेणे’ आणि ‘अंगावर येणे’ यांचे अर्थ सुटे शब्द जोडून लागत नाहीत. परक्या माणसाला हे शिकवायचे झाले तर आपलीही त्रेधातिरपीट उडेल. जी करामत आपण रोज नकळत करतो तीच इंग्रज करतो, एवढे ध्यानात घेतले तरी निम्मी भीती जाते.

आता ‘पुट अप’मध्ये सहन करण्याचा अर्थ आला कुठून? शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’ नाटकात याचा धागा सापडतो. त्या काळच्या इंग्रजीत उपसलेली तलवार म्यानात घालण्यालाही ‘पुट अप’ म्हणत. त्याच नाटकात रॉडरिगो आपण सोसलेली फसवणूक आता मुकाट्याने गिळणार नाही असे म्हणतो, तिथेही ‘पुट अप’च आहे आणि पुढे ‘विथ’ नाही. वस्तू आत ठेवून देणे आणि अपमान आत ठेवून देणे, यांतले नाते सहज दिसते. आपणही अपराध ‘पोटात घालतो’ आणि अपमान ‘गिळतो’. इंग्रजाने म्यान घेतले, आपण पोट घेतले, एवढाच फरक!

वापराचे नियम थोडे आहेत, पण पक्के आहेत. तिन्ही शब्द एकत्र राहतात आणि कर्म नेहमी ‘विथ’नंतर येते. ‘पुट ऑफ’मध्ये ‘पुट इट ऑफ’ अशी फोड चालते, पण ‘पुट इट अप विथ’ कधीच होत नाही. भूतकाळातही ‘पुट’ हे ‘पुट’च राहते.

‘विथ’ची करामत तर पाहण्यासारखी आहे. आपल्या देशातल्या इंग्रजीत ‘कुठे राहता?’ या अर्थी ‘व्हेअर आर यू पुटिंग अप?’ असे सर्रास विचारतात. त्यावर एखाद्याने ‘आय ॲम पुटिंग अप विथ माय अंकल’ असे उत्तर दिले, तर आपल्याला कळते की स्वारी काकांकडे उतरली आहे. ऐकणारा इंग्रज मात्र समजेल की हा बिचारा काकांना कसाबसा सहन करतो आहे!

अर्थाची छटा नीट पाहिली पाहिजे. शेजारचा रेडिओ, मित्राचा उशीर, बेचव जेवण यांच्याशी ‘पुट अप विथ’ शोभते. पुत्रशोकाशी शोभत नाही. तिथे ‘बेअर’ किंवा ‘एन्ड्युअर’ लागते. मराठीतही कळा ‘सोसतात’, उशीर ‘चालवून घेतात’. ‘टॉलरेट’चा अर्थ जवळचा असला तरी तो लॅटिन घराण्यातला, कचेरीत शोभणारा शब्द आहे, ‘पुट अप विथ’ घरात बोलले जाते.

भाषांतर करताना मात्र एक पेच पडतो. ‘आय वोन्ट पुट अप विथ धिस’ म्हणजे ‘हे मी खपवून घेणार नाही’. हे वाक्य बहुधा अधिकार असलेल्याच्या तोंडी येते. ‘यू विल हॅव टु पुट अप विथ इट’ म्हणजे ‘तुला चालवून घ्यावे लागेल’. हे ज्याच्या हाती काही नाही त्याला सांगितले जाते. इंग्रजीत दोन्हीकडे एकच क्रियापद आहे, मराठीत दोन. म्हणून शब्द निवडण्यापूर्वी कोण कोणाला बोलतो आहे, हे विचारावेच लागते.

आमच्या आईच्या तोंडी एक शब्द नेहमी असतो : ‘चालायचंच’. पाणी उशिरा आले, चालायचंच. मजुरी कमी मिळाली, चालायचंच. याला ‘पुट अप विथ’ म्हणता येईल का, याचा मी बराच विचार केला. माझ्या मते नाही. ‘आम्ही गर्दी पुट अप विथ करतो’ असे म्हणणारा माणूस गर्दी वाईट आहे हे सांगून मोकळा होतो. त्याची तक्रार शिल्लक असते. तो ती फक्त म्यानात ठेवतो. ‘चालायचंच’मध्ये तक्रारच पुसली जाते. म्यानातली तलवार पुन्हा उपसता येते; पुसलेली तक्रार सापडणेही कठीण. आईच्या शब्दात शहाणपण आहे, याची मला जाणीव आहे. तिने तो उच्चारला म्हणूनच आज मी या महाविद्यालयात आहे. तरीही आम्हा मुलींनी हा इंग्रजी अर्थ आपल्या मराठीत उतरवून घ्यावा, असे मला वाटते. सध्या चालवून घेत असलो, तरी हे बरोबर नाही एवढे म्हणता आले पाहिजे.

मित्रमैत्रिणींनो, अशी क्रियापदे यादी करून पाठ करू नका. कर्म कोणते आणि बोलणारा कोण, हे पाहून एकेक वाक्य जवळ करा. परीक्षेत गुण मिळतीलच. शिवाय आपण काय काय ‘पुट अप विथ’ करत आलो आहोत, तेही कळेल.

(द्वितीय वर्ष, कला)